उच्च शिक्षणातला मोबाइल: वाटलेली उपकरणं आणि खिशातले फोन

महाविद्यालयाच्या वर्गात मोबाइल असावा की नसावा, हा वाद बहुधा स्मार्टफोनपासून सुरू होतो आणि तिथेच घुटमळतो. खरं तर हातात मावणारं, बरोबर नेता येणारं उपकरण घेऊन शिकण्या-शिकवण्याची खटपट त्याच्या कितीतरी आधीची आहे. या खटपटीत दोन धारा स्पष्ट दिसतात. एकीत विद्यापीठाने उपकरण विकत घेतलं, वाटलं आणि मग त्याचं काय करायचं ते ठरवलं. दुसरीत एखाद्या शिक्षकाला अडचण आधी दिसली आणि हाताशी जे होतं त्यातून त्याने वाट काढली. गाजावाजा पहिलीचा झाला. शिकणं बदललं ते मात्र दुसरीने, असं माझं मत आहे आणि हा इतिहास मी त्याच अंगाने मांडतो आहे.

कल्पना उपकरणाच्या आधी जन्मली. १९६८ मध्ये ॲलन के हे तरुण संगणकशास्त्रज्ञ मुलांच्या शिकण्याचे अभ्यासक सेमूर पॅपर्ट यांना भेटले. पॅपर्ट तेव्हा लहान मुलांना प्रोग्रॅमिंग करायला देत होते. ते पाहून के यांच्या मनात बसलं की संगणक हे मोठ्या यंत्रशाळेतलं सामायिक यंत्र न राहता प्रत्येकाचं स्वतःचं साधन व्हायला हवं. १९७२ मध्ये, झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात असताना, त्यांनी 'डायनाबुक'चा आराखडा मांडला. वहीएवढं, वजनाने दोन किलोच्या आत आणि कुठेही नेता येईल असं ते यंत्र असणार होतं. संगणक खोल्याच्या खोल्या अडवायचे त्या काळातली ही गोष्ट. तसं यंत्र त्या वेळी तयार झालं नाही. पण के यांचा आग्रह वाचण्या-ऐकण्यापुरता नव्हता. शिकणाऱ्याने त्या यंत्रावर स्वतः काहीतरी घडवावं, हा त्याचा गाभा होता. नंतरच्या कित्येक योजनांतून नेमकी हीच गोष्ट गळाली.

त्याच वर्षी, १९७२ मध्ये, ह्युलेट-पॅकार्डचा एचपी-३५ हा खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर बाजारात आला. किंमत होती ३९५ डॉलर. मोबाइल शिक्षणाच्या इतिहासात त्याचं नाव सहसा घेतलं जात नाही, पण घ्यायला हवं. कुठल्याही विद्यापीठाने तो वाटला नव्हता. किमती उतरत गेल्या तसे विद्यार्थी आणि अभियंते तो स्वतःच घेऊ लागले आणि काही वर्षांतच अभियांत्रिकीच्या वर्गातून स्लाइड रूल, म्हणजे आकडेमोडीची सरकती पट्टी, हद्दपार झाली. लॉगचे तक्ते पाहण्यात जाणारा वेळ वाचल्यावर परीक्षेत नेमकं काय विचारायचं, याचा विचार शिक्षकांना करावा लागला. साधन आधी विद्यार्थ्याच्या हातात आणि नियम नंतर, हा क्रम पुढे मोबाइलच्या बाबतीत जशाच्या तसा दिसला.

मधल्या काळातल्या दूरशिक्षणाच्या कॅसेटचाही उल्लेख करायला हवा. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले, तेव्हा व्याख्यानं रेडिओ-टीव्हीवर ठरलेल्या वेळी लागत. कॅसेट आल्यावर ऐकण्याची वेळ विद्यार्थ्याच्या हातात आली. थांबवता येणं आणि पुन्हा ऐकता येणं ही आज क्षुल्लक वाटणारी सोय नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी मोठी होती.

उपकरण हलकं झालं तरी ते तारेने भिंतीला बांधलेलं असेल तर उपयोग अर्धाच. ही तार तोडण्याचं काम विद्यापीठांमध्येच झालं. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९४ च्या सुमारास 'वायरलेस अँड्र्यू' नावाचं बिनतारी जाळं उभं राहू लागलं. वाय-फायचं पहिलं प्रमाणक, ८०२.११, आलं १९९७ मध्ये. पुढे २००२-०३ च्या सुमारास युरोपात 'एज्युरोम' सुरू झालं. आपल्या विद्यापीठाचं नाव आणि पासवर्ड वापरून दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावरही तिथलं नेटवर्क आपोआप मिळावं, अशी ही सोय आज शंभराहून अधिक देशांत चालते. तिच्याबद्दल कुणी भाषणं करत नाही. तरी मला ती पुढच्या बहुतेक गाजलेल्या प्रकल्पांपेक्षा मोलाची वाटते, कारण कुठलं उपकरण, कुठला विषय असली अट तिने घातली नाही.

१९९६ मध्ये पाम पायलट हा हातातला छोटा संगणक आला आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी तो पटकन आपलासा केला. वॉर्डात राउंड चालू असताना संदर्भग्रंथ उघडून बसता येत नाही. रुग्णाच्या खाटेशी उभं राहून औषधाची मात्रा किंवा दोन औषधं एकत्र चालतील का, हे तपासायचं असतं. १९९९ च्या सुमारास पामवर 'एपोक्रेटिस' हा औषधसंदर्भ आला आणि ती गरज भागली. कुठले रुग्ण पाहिले, कुठली प्रक्रिया केली, याची नोंदही विद्यार्थी तिथल्या तिथे करू लागले. गरज ठरावीक होती, जागा ठरावीक होती, म्हणून इथे साधन रुजलं. असे पाम इतर शाखांतही वाटले गेले, पण तिथे ते बहुतेक वेळापत्रक आणि पत्ते ठेवण्यापुरते उरले.

संशोधनाचं स्वतंत्र क्षेत्र म्हणून याला आकार आला तो बर्मिंगहॅम विद्यापीठात. माइक शार्पल्स आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आयुष्यभर शिकण्यासाठीचं वैयक्तिक साधन कसं असावं, याचा शोध घेत होते. २००२ मध्ये तिथेच 'एमलर्न' ही पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सुरुवातीला 'मोबाइल शिक्षण' म्हणजे मोबाइल उपकरणावरचं शिक्षण, अशी सरळ व्याख्या होती. काही वर्षांतच शार्पल्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिची दिशा फिरवली. फिरता असतो तो शिकणारा. तो वर्गातून बसमध्ये, तिथून प्रयोगशाळेत, मग घरी जातो, आणि या सगळ्या ठिकाणी त्याच्या शिकण्याचा धागा तुटू न देणं हे खरं काम आहे, असं ते म्हणू लागले. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. उपकरणं दर दोन वर्षांनी जुनी होतात, पण हा प्रश्न जुना होत नाही.

त्याच सुमाराला दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरिया विद्यापीठात, एक अगदी साधा प्रयोग झाला. शिक्षकांसाठीच्या दूरशिक्षण अभ्यासक्रमांना बसलेले तिथले बहुसंख्य विद्यार्थी खेड्यापाड्यांत राहणारे होते. त्यांच्याकडे संगणक नव्हता, ईमेल नव्हता आणि टपाल वेळेवर पोचेल याचा भरवसा नव्हता. पण जवळजवळ प्रत्येकाकडे साधा मोबाइल होता. २००२ मध्ये विद्यापीठाने त्यांना एसएमएस पाठवायला सुरुवात केली. संपर्कवर्ग कधी, परीक्षेच्या नोंदणीची शेवटची तारीख कोणती, एवढाच त्यात मजकूर असायचा. धडा नाही, चित्र नाही, ध्वनी नाही. एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात आणि रोमनबाहेरच्या लिप्यांना तर फक्त ७० मिळतात, त्यामुळे नेमकं लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तरीही नोंदणी मुदतीच्या आत होऊ लागली, संपर्कवर्गांना हजेरी वाढली आणि हे सगळं टपालापेक्षा कितीतरी कमी खर्चात झालं. दूरशिक्षणातला विद्यार्थी अनेकदा विषय जड गेला म्हणून गळत नाही. तारीख चुकते, अर्ज राहतो, आपली कुणाला आठवण नाही असं वाटू लागतं आणि तो सुटतो. ही गळती अध्यापनशास्त्राच्या मोठ्या चर्चेत दिसत नाही, पण त्या ओळभर संदेशाने ती थोपवायला सुरुवात केली. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आदर वाटतो तो या प्रयोगाचा.

दोनच वर्षांनी, २००४ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या सोळाशेहून अधिक विद्यार्थ्यांना २० जीबीचा एकेक आयपॉड दिला. बातमी जगभर गेली. टीकाही झाली, की गाणी ऐकायचं यंत्र विद्यापीठाच्या पैशातून कशाला? प्रत्यक्षात भाषेच्या वर्गात उच्चार ऐकणं, संगीताच्या अभ्यासात मूळ ध्वनिमुद्रण जवळ ठेवणं, मुलाखती आणि क्षेत्रभेटीच्या नोंदी ध्वनीत घेणं, असे चांगले उपयोग निघाले. पण ते काही विषयांपुरतेच होते. वर्षभरानंतर विद्यापीठाने पद्धत बदलली आणि ज्या अभ्यासक्रमात आयपॉडचं काम आहे, त्याच अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना तो द्यायचं ठरवलं. ड्यूकचं कौतुक करायचं तर या दुसऱ्या निर्णयाचं करावं. तरीही पुढच्या संस्थांनी पहिला निर्णयच उचलला. आयफोन २००७ मध्ये आला, ॲपचं दुकान २००८ मध्ये उघडलं आणि त्याच वर्षी टेक्सासच्या ॲबिलीन ख्रिश्चन विद्यापीठाने नव्या विद्यार्थ्यांना आयफोन किंवा आयपॉड टच दिले. २०१० मध्ये आयपॅड आला आणि पेनसिल्व्हेनियातल्या सेटन हिल विद्यापीठाने तो वाटायचं जाहीर केलं.

याच्या अगदी उलट वाट दिसते ती वर्गातल्या मतदानाची. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मेझर यांच्या लक्षात आलं की आपले विद्यार्थी अवघड गणितं सोडवतात, पण त्यामागची संकल्पना साध्या शब्दांत विचारली की अडखळतात. १९९१ पासून त्यांनी व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न टाकायला सुरुवात केली. समजा, जड चेंडू आणि हलका चेंडू एकाच उंचीवरून सोडले, तर आधी कुठला पडेल? मिनिटभर प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा आणि उत्तर नोंदवायचं. मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचा प्रयत्न करायचा. वर्गात एकदम गलका होतो. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मतदान होतं आणि बहुतेक वेळा योग्य उत्तराकडे झुकणारे वाढलेले असतात. कालच ती गोष्ट समजलेल्या शेजाऱ्याला आपली अडचण प्राध्यापकापेक्षा नीट कळते, यावर ही पद्धत उभी आहे. सुरुवातीला हे हात वर करून किंवा कार्डं दाखवून चालायचं. नंतर 'क्लिकर' नावाचे छोटे रिमोट आले आणि स्मार्टफोन सगळ्यांकडे झाल्यावर तेच काम फोनवर आलं. नॉर्वेच्या विद्यापीठातल्या संशोधनातून निघालेलं 'काहूट' हे फोनवरच्या प्रश्नमंजुषेचं साधन २०१३ चं. पण मुळात पद्धत आधी होती, उपकरण तिच्या मागून आलं. म्हणून उपकरणं बदलत गेली तरी पद्धत टिकली. शेजाऱ्याशी बोलणं गाळून फक्त मतदान घेतलं तर उरते ती हजेरी.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने २००६ च्या सुमारास केलेला एक प्रयोग याच जातीचा आहे. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना स्कॉटलंडच्या डोंगरांत प्रत्यक्ष खडक पाहायला जावं लागतं. ज्यांना चालता येत नाही, त्यांचं तिथेच अडायचं. मग उचलून नेता येईल असं बिनतारी जाळं डोंगरात उभारण्यात आलं. विद्यार्थी रस्त्याकडेला गाडीत बसून खडकापाशी असलेल्या शिक्षकाशी बोलायचा, कॅमेरा कुठे न्यायचा, कुठल्या थराजवळ धरायचा हे सांगायचा आणि निरीक्षण स्वतः नोंदवायचा. दाखवलेला व्हिडिओ पाहणं आणि कुठे पाहायचं हे स्वतः ठरवणं यांतलं अंतर त्या प्रयोग करणाऱ्यांनी ओळखलं होतं.

लक्ष विचलित होण्याची तक्रारही खोटी नाही. कॅनडात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर कामं करणाऱ्यांना नंतरच्या चाचणीत कमी गुण मिळाले. त्यांचा पडदा ज्यांच्या नजरेत येत होता, त्या मागच्या विद्यार्थ्यांचेही गुण घसरले. म्हणजे 'ज्याचं नुकसान तो पाहील' असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. मात्र या अभ्यासातलं व्याख्यान एकतर्फी होतं, हेही लक्षात ठेवायला हवं. हातातल्या उपकरणाला वर्गात काहीच काम दिलं नाही, तर ते स्वतःचं काम शोधून घेतं.

२०२० मध्ये महासाथीने विद्यापीठं बंद झाली. युनेस्कोच्या मोजणीनुसार शाळा-महाविद्यालयांतल्या दीड अब्जाहून अधिक विद्यार्थ्यांचे वर्ग बंद पडले. तोवर पूरक मानला गेलेला फोन असंख्य विद्यार्थ्यांसाठी एकमेव वर्ग झाला. तासाभराच्या थेट व्हिडिओला किती डेटा जातो, एकाच फोनवर घरातल्या दोघा-तिघांचे तास असले तर काय करायचं, रेंज गेली की चर्चेतून बाहेर पडलेल्याला परत कसं घ्यायचं, हे प्रश्न प्राध्यापकांसमोर पहिल्यांदाच थेट आले. दक्षिण आफ्रिकेसारख्या काही देशांत शैक्षणिक संकेतस्थळांसाठी डेटाचे पैसे पडू नयेत, अशी व्यवस्था झाली. काही शिक्षकांनी थेट व्हिडिओ सोडून दहा मिनिटांची ध्वनिफीत आणि दोन पानांची टिपणं पाठवायला सुरुवात केली. घाईत झालं, पण विद्यार्थ्याच्या हातात खरंच काय आहे हे पाहून झालं.

त्यानंतर वर्ग पुन्हा भरले आणि अभ्यासाचं बरंच साहित्य फोनवर राहिलं. ते तयार होतं मोठ्या पडद्यावर आणि भक्कम नेटवर्कवर, वाचलं जातं हाताएवढ्या काचेवर. दोन रकान्यांची पीडीएफ फोनवर वाचताना प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवावं लागतं, रुंद तक्त्याचा मथळा एका टोकाला आणि आकडा दुसऱ्या टोकाला राहतो. दहा पानी निबंध अंगठ्याने टाइप करणं हे वेगळंच कष्टाचं काम. शिवाय देखरेखीखाली होणाऱ्या ऑनलाइन परीक्षांच्या अनेक प्रणाली मोबाइलवर चालत नाहीत. त्यामुळे सत्रभर फोनवर शिकलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेच्या दिवशी कुणाचा तरी लॅपटॉप मागून आणावा लागतो.