शब्दकोशात नवा अर्थ नोंदवायचाय? पात्रता, पुरावे आणि अर्जाची रीत

शब्दकोशात शब्द घालण्याचा फॉर्म सेतूत मिळत नाही. फी नाही, रहिवासी दाखला नाही, तरी प्रक्रिया आहे आणि ती चांगलीच कडक आहे. इथे अर्जदार असतो तो शब्दच; त्याची कागदपत्रे जमवून देणे एवढे आपले काम. सोलापुरात हे मुद्दाम सांगायला हवे, कारण मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी शेजारीशेजारी नांदणाऱ्या या शहरात मागावर आणि कट्ट्यावर शब्द भरपूर चालतात, पण त्यांतले थोडेच कागदावर उतरतात. आणि कोशाला कागद लागतो.

अर्ज कुठे करायचा?

कोश मुख्यतः दोन जातींचे. एक लोकांच्या वापराची नोंद करणारा. दाते-कर्वे यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–३८) या जातीचा, ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोशही याच जातीचा. दुसरा पारिभाषिक कोश. तिथे तज्ज्ञांची समिती बसते आणि अमुक इंग्रजी संज्ञेला अमुक मराठी शब्द असे ठरवते. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने असे अनेक कोश काढले आहेत. पहिल्यात वापर आधी, नोंद नंतर. दुसऱ्यात नोंद आधी; वापर झाला तर झाला. 'भ्रमणध्वनी' सरकारी कागदावर रुळला, पण नवी पेठेतल्या दुकानात 'भ्रमणध्वनीला स्क्रीनगार्ड लावा' असे कोणी म्हणत नाही. तेव्हा कट्ट्यावरचा शब्द घेऊन समितीकडे जाऊ नये.

पात्रता

अमेरिकेचा मेरियम-वेबस्टर कोश तीन गोष्टी बघतो: शब्द वारंवार येतो का, वेगवेगळ्या ठिकाणी येतो का, आणि त्याचा अर्थ पक्का आहे का. ऑक्सफर्डला एकमेकांशी संबंध नसलेली अनेक उदाहरणे आणि पुरेसा काळ हवा असतो. तिथे शब्द दहा वर्षे तरी टिकलेला असावा असा संकेत होता. २०१३ मध्ये 'ट्वीट'चा नवा अर्थ घेताना त्यांनी तो मोडला आणि तसे बोलूनही दाखवले. कॉलेजच्या एका बॅचपुरता चाललेला शब्द मात्र अशा सवलतीला पात्र नाही, मग तो कितीही झकास असो.

खरी कसरत जुन्या शब्दाच्या नव्या अर्थाची. जुना अर्थ वाक्यात बसवून बघायचा. बसला तर अर्ज तिथेच संपला. 'व्हायरल ताप' आणि 'व्हिडिओ व्हायरल झाला' हे सरळ वेगळे, दुसऱ्यात विषाणू नाही. 'आधार'चे बघा. 'आधार लिंक केलं का?' यात नवा अर्थ स्वच्छ आहे. पण 'म्हातारीला आधार नाही' हे वाक्य पुरावा म्हणून कुचकामी, कारण मुलगा नाही की कार्ड नाही हे त्यातून कळत नाही. या अर्थाचा जन्मही ठाऊक आहे: पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. त्याच्या कितीतरी आधीची तारीख घातलेला पुरावा आला, तर संपादक पहिल्यांदा तारखेवरच बोट ठेवेल. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशाने 'आधार' घेतला, सोबत 'चाळ' आणि 'डबा'ही.

कागदपत्रे

मुख्य कागद एकच: चिठ्ठी. एका चिठ्ठीवर एकच उदाहरण. वर शब्द, खाली पूर्ण वाक्य जसेच्या तसे, त्याखाली छापील मजकुराचे नाव, आवृत्ती, तारीख, पान. अर्थ तुम्हाला काय वाटतो ते मागच्या बाजूला. पुढे लिहिलेत तर पुरावा आणि मत यांची सरमिसळ होते. वाक्य सुधारायचे नाही, शुद्धलेखनही नाही.

समजा, शब्द घेतला 'गड्डा'. कांद्या-लसणाचा गड्डा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे; सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर भरतो तोही गड्डाच. आता 'गड्डा म्हणजे सोलापूरची यात्रा' हे वाक्य हलका पुरावा, कारण लिहिणारा शब्द वापरत नाही, समजावून सांगतो. 'गड्ड्यात यंदा पाळणे उशिरा लागले' अशी बातमी भक्कम. अवतरणचिन्हे नाहीत, कंसात खुलासा नाही. वाचकाला कळणार हे बातमीदाराने गृहीत धरले आहे. एकच बातमी चार ठिकाणी छापून आली असेल तर ती एकच चिठ्ठी. वेगवेगळ्या वर्षांची, वेगवेगळ्या हातांची उदाहरणे हवीत. त्यात एखादी जुनी जाहिरात किंवा स्मरणिका मिळाली तर सोने.

तरीही इथे एक अडचण येईलच. हे एकाच यात्रेचे नाव नव्हे काय, असे संपादक विचारेल आणि विशेषनाम म्हणून बाजूला ठेवेल. दुसऱ्या गावच्या यात्रेलाही कोणी 'गड्डा' म्हटल्याचे दाखवता आले, तर अर्जाचे वजन एकदम वाढते.

मागावरच्या शब्दांचे वेगळे. विणकराचा 'धोटा', म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारे साधन, दाते-कर्व्यांत आहे. 'रेपियर' म्हणजे खरे तर बाणा (हा आडवा धागा) पलीकडे नेणारा यंत्राचा हात, पण 'दोन रेपियर घेतले' म्हणणारा दोन अख्ख्या मागांबद्दल बोलतो. असा अर्थ धंद्यापुरताच असेल तर 'विणकाम' असा शेरा मारून तो घेता येतो. धंद्याबाहेरच्या वाचकासाठी लिहिलेल्या मजकुरात तो दिसला, की शेऱ्याचीही गरज उरत नाही. चिठ्ठीला धंद्यातली कागदपत्रेही चालतील: कोटेशन, निविदा, यंत्रविक्रीची जाहिरात. गिऱ्हाइकाचे नाव-नंबर तेवढे झाका.

अक्षर सुवाच्य हवे, ही अट हसण्यावारी नेऊ नका. वेबस्टरच्या १९३४ च्या कोशात 'डॉर्ड' म्हणजे घनता असा शब्द छापला गेला. मूळ चिठ्ठी होती 'डी ऑर डी', म्हणजे घनतेचे संक्षिप्त रूप मोठा डी किंवा लहान डी. अक्षरे जवळ वाचली गेली आणि नसलेला शब्द जन्मला. चूक लक्षात आली १९३९ मध्ये.

पाठवण्याआधी

शब्द आधीच नोंदलेला नाही ना, ते बघा. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. ऑक्सफर्डच्या संकेतस्थळावर सूचना पाठवायची सोय आहे. छापील मराठी कोशासाठी पुस्तकात दिलेल्या प्रकाशकाच्या पत्त्यावर चिठ्ठ्या पाठवा, पारिभाषिक प्रतिशब्दासाठी भाषा संचालनालयाला साधे पत्र. थांबायचे नसेल तर विक्शनरीत, म्हणजे कोणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन कोशात, नोंद स्वतः करता येते. तिथल्या इंग्रजी आवृत्तीत शब्दावर कोणी हरकत घेतली, तर सर्वसाधारणपणे किमान वर्षभराच्या अंतरात पसरलेली तीन स्वतंत्र उदाहरणे दाखवावी लागतात.

पोचपावतीची वाट बघू नका. छापील कोशाची पुढची आवृत्ती निघायला वर्षे लागतात. ऑक्सफर्ड दर तिमाहीला भर घालतो, पण तुमचा शब्द कोणत्या तिमाहीत येईल ते कोणी सांगत नाही. चिठ्ठ्यांची एक झेरॉक्स जवळ ठेवा आणि नवे उदाहरण दिसले की त्याच गठ्ठ्यात घाला.