ऐतुताकी

ऐतुताकी : दक्षिण पॅसिफिकमधील कुक बेटांच्या दक्षिण गटातील एक बेट. ते सु. १८° ५१' द. व १५९° ४८' प. येथे, राजधानीच्या रारोतोंगा बेटाच्या उत्तरेस सु. २६० किमी. अंतरावर आहे. जमीन सु. १८ चौ. किमी., लोकसंख्या सु. १,९०० (२०१६). मुख्य बेट ज्वालामुखीजन्य व ठेंगणे असून मौंगापू ही सर्वांत उंच टेकडी १२४ मी.च्या आसपास आहे. बेटाच्या दक्षिणेस व पूर्वेस त्रिकोणी, उथळ खारकच्छ (प्रवाळभित्तीने वेढलेले समुद्राचे पाणी, लगून) पसरले आहे. त्यात आणि त्याच्या कडेने एकूण पंधरा लहान बेटे असून त्यांना स्थानिक भाषेत मोतू म्हणतात. प्रवासी येतात ते मुख्यतः या मोतूंच्या पुळणींसाठी.

बेटाचे जुने नाव अराउरा. परंपरेनुसार रू हा नाविक अवाइकी या दंतकथेतील मूळभूमीहून कुटुंबीय व वीस कुमारिका घेऊन होडीने आला आणि त्याने जमिनीची वाटणी त्या कुमारिकांत केली. ‘ऐतुताकी’ची फोड कोणी ‘विस्तव जागता ठेवणे’, कोणी ‘देवाने वाट दाखवलेले’ अशी करतात, तर काही जण हे रूच्या प्रवासाचे वर्णन करणाऱ्या एका लांबलचक नावाचे संक्षिप्त रूप मानतात. यांतले शेवटचे मत परंपरेला अधिक धरून आहे. वस्तीचा काळ उरेइआ येथील किनाऱ्यावरच्या आणि मोतुराकाउवरील शैलाश्रयातल्या उत्खननांवरून ठरवतात. पूर्वी तो इ. स. १००० च्या मागेपुढे धरीत. नव्या कार्बन-कालमापनाचा कल मात्र उरेइआचे थर बरेच अलीकडचे, बहुधा तेराव्या शतकातील वा नंतरचे मानण्याकडे आहे.

ऐतुताकीच्या प्रवाळभित्तीचे वर्गीकरण हा जुना वादविषय आहे. निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन ज्यावर होता त्या बीगल जहाजाने १८३५ मध्ये बेटाचे अंशतः सर्वेक्षण केले. दक्षिणेकडे प्रवाळभित्ती जमिनीपासून सु. पाच मैल पुढे गेलेली, आणि तिच्या टोकाबाहेर २७० वाव (सु. ४९० मी.) दोर सोडूनही तळ लागेना. आत मात्र पाणी काही फूटच खोल, असे जॉन विल्यम्स या मिशनऱ्याने डार्विनला कळवले होते. डार्विनच्या उपपत्तीप्रमाणे बेट हळूहळू खचते, किनाऱ्याला लगटलेली भित्ती वर वाढत राहून जमिनीपासून दूर असलेली रोधक भित्ती होते आणि डोंगर पूर्ण बुडाला की उरते ते कंकणद्वीप, म्हणजे खारकच्छाभोवतीचे प्रवाळाचे कडे. या क्रमात आत खोल खारकच्छ अपेक्षित होते. ऐतुताकीत बाहेरची खोली उपपत्तीला जुळत होती, आतली जुळत नव्हती. प्रवाळभित्तींवरील १८४२ च्या ग्रंथातील नकाशात डार्विनने बेटाला रोधक भित्तीचा फिकट निळा रंग दिला, पण फार साशंकतेने दिला, अशी नोंदही करून ठेवली. एवढ्याशा बेटासाठी ही प्रांजळ नोंद मोलाची आहे.

नंतर डब्ल्यू. एम. डेव्हिस या अमेरिकन भूगोलज्ञाने ज्यात डोंगराचा थोडाच अवशेष उरला आहे अशा बेटांसाठी ‘जवळजवळ-कंकणद्वीप’ या अर्थाची संज्ञा रूढ केली. स्टॉडार्ट व गिब्ज यांनी १९७५ च्या आपल्या अभ्यासात ऐतुताकीला तीच लावली. ती सोयीची आहे. तरीही एक अडचण राहते. येथील खडकांची वये दोन गटांत पडतात : एक सु. ऐंशी लाख वर्षांपूर्वीचा, दुसरा वीस लाख वर्षांच्या आतला. म्हणजे खचत चाललेल्या जुन्या ज्वालामुखीवर नव्याने लाव्हा ओतला गेला असावा, आणि आजची टेकडी हा केवळ बुडायचा राहिलेला माथा नसावा. लोककथेतही टेकडी मागाहून आलेली आहे. ऐतुताकीच्या योद्ध्यांनी रारोतोंगातील राएमारू डोंगराचा शेंडा छाटून आणला, तोच मौंगापू. राएमारूचा सपाट माथा त्याची साक्ष म्हणून दाखवतात.

मोतूंपैकी रापोता व मोतुराकाउ ज्वालामुखीजन्य. बाकीचे वाळूचे आणि प्रवाळखड्यांचे. बहुतेक मोतू पूर्वेच्या भित्तीवर ओळीने आहेत, कारण व्यापारी वारे व त्यांच्या लाटा आग्नेय-पूर्वेकडून येतात. मोतू आडवा ओलांडला की रचना कळते. समुद्राच्या अंगाला वादळांनी भित्तीवरून फेकलेले प्रवाळाचे तुकडे, पाय पडताच खणखणणारे. मध्ये केवडा व माड. पलीकडे खारकच्छाच्या अंगाला प्रवाळ, शिंपले व सूक्ष्म कवचांच्या चुऱ्याची मऊ पांढरी पुळण. ही जमीन फार जुनी नाही आणि स्थिरही नाही. सर्वांत ख्यात तापुआएताई. ‘तापुआए’ म्हणजे पाऊल. ‘ताई’चा उच्चार कंठ्य विरामासह (घशात क्षणभर श्वास अडवून) केला तर ‘एक’, विरामाविना केला तर ‘समुद्र’. पर्यटकांना ‘एका पावलाचे बेट’ हा अर्थ सांगतात. त्याला जोडलेल्या कथेत पाठलाग चुकवताना मुलगा बापाच्या पावलावर पाऊल ठेवून चालतो, वाळूत एकाच माणसाचा माग उमटतो आणि माडावर लपलेला मुलगा वाचतो.

युरोपीयांत विल्यम ब्लायने ११ एप्रिल १७८९ रोजी, त्याच्या बाउंटी या जहाजावरील खलाशांच्या बंडाच्या सतरा दिवस आधी, बेट पाहिले. ज्याचे नाव द्वीपसमूहाला आहे त्या कुकने ते पाहिले नव्हते. १८२१ मध्ये विल्यम्सने पापेइहा व वाहापाता हे दोन धर्मोपदेशक येथे उतरवले. आरुतांगा या गावातील चर्च (सु. १८२८) कुक बेटांतील सर्वांत जुने मानतात. धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. १९५१ ते १९६० या काळात ऑकलंड–ताहिती मार्गावरील जलविमाने अकाइआमी मोतूपाशी उतरत. इंधन भरेपर्यंत उतारू खारकच्छात पोहत. त्या धक्क्याचे अवशेष अजून आहेत.

आज रारोतोंगाहून विमान पाऊण तासात पोहोचते. चलन न्यूझीलंड डॉलर. फेब्रुवारी २०१० मधील ‘पॅट’ चक्रीवादळाने घरांची मोठी हानी केली. खारकच्छ सरासरी उथळच, सर्वांत खोल जागी सु. १० मी.; मोतूंवर लहान होड्यांनी जावे लागते. राउई म्हणजे ठरावीक भागात ठरावीक काळ मासे-शिंपले घेण्यास मनाई; हा पूर्वापार नियम पाहुण्यांनाही लागू आहे. रविवार विश्रांतीचा असून २००८ मध्ये रविवारची विमाने सुरू झाली तेव्हा बेटकऱ्यांनी निदर्शने केली. बेटावर कुत्री पाळण्यास बंदी आहे. तिचे कारण कोणी कुष्ठरोगाच्या भीतीत शोधतात, कोणी कुत्र्याने एका सरदाराच्या मुलाला फाडल्याची कथा सांगतात.