थॉरचा हातोडा आणि ग्रीन लँटर्नची अंगठी : पात्रतेच्या दोन कसोट्या

थॉरचा हातोडा आणखी कोणाला उचलता येईल, हा सुपरहिरोंच्या चाहत्यांमधला कधीही न मिटणारा वाद आहे. सुपरमॅनला येईल का, बॅटमॅनला का येऊ नये, स्पायडरमॅनचे काय, अशी नावे एकामागून एक पुढे येतात. आणि प्रत्येक नावामागची कारणे ऐकताना असे लक्षात येते की, बोलणारा हातोड्याविषयी बोलत असला तरी त्याच्या मनातली कसोटी पुष्कळदा दुसऱ्याच वस्तूची असते. ‘त्याची इच्छाशक्ती अफाट आहे’, ‘तो भीतीला जुमानत नाही’, ‘तो कधी हार मानत नाही’ ही सारी कारणे ग्रीन लँटर्न या दुसऱ्या सुपरहिरोच्या अंगठीला पटतील. म्योल्निर या थॉरच्या हातोड्याला त्यांच्याशी फारसे कर्तव्य नाही. दोन्ही वस्तू आपला धारक पारखून घेतात, एवढ्या एका साम्यामुळे त्या एकाच माळेत ओवल्या जातात. ही पारख कशाची आणि ती किती वेळा होते, हे पाहिले की दोहोंमधले अंतर स्पष्ट होते.

आधी हातोड्याकडे पाहू. थॉर ज्यांतला देव आहे त्या मूळ नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन पुराणकथांत म्योल्निरला पात्रतेची कोणतीही अट नाही. थ्रिम नावाचा राक्षस तो सरळ चोरून नेतो आणि तो परत मिळवण्यासाठी थॉरला नवरीचा वेश करून राक्षसाच्या घरी जावे लागते. अपात्र माणसाला हातोडा हलवताच येत नसता, तर ही गंमतीदार कथा घडलीच नसती. अटीचा जन्म कॉमिक्समधला आहे. स्टॅन ली, लॅरी लीबर आणि जॅक कर्बी यांनी 1962 मध्ये ‘जर्नी इंटू मिस्टरी’च्या 83 व्या अंकात थॉर आणला, तेव्हा नॉर्वेतल्या एका गुहेत अडकलेल्या डोनाल्ड ब्लेक या लंगड्या डॉक्टरला एक जुनी काठी सापडते, ती आपटताच तिचा हातोडा होतो आणि त्यावर कोरलेले असते की, हा हातोडा जो धारण करील तो पात्र असेल, तर त्याला थॉरचे सामर्थ्य लाभेल. या वाक्यात दोन गोष्टी आहेत, एक अट आणि एक फळ, आणि पुढच्या साठ वर्षांतले बहुतेक गोंधळ त्या एकमेकींत मिसळल्याने झालेले आहेत.

बळाचा मुद्दा लवकर निकालात काढता येतो. थॉरच्या कॉमिक्सची प्रकाशक असलेल्या मार्व्हलने 1991 मध्ये काढलेल्या एका संग्राह्य कार्डावर म्योल्निरचे वजन 42.3 पौंड, म्हणजे सुमारे 19 किलो दिले होते. एवढे वजन कोणताही धडधाकट माणूस उचलू शकतो. तरीही 2012 च्या ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ चित्रपटात हल्क सारे बळ पणाला लावतो आणि हातोडा जागचा हलत नाही. तेव्हा हल्कचे नाव सुचवणाऱ्यांनी ते मागे घ्यावे. मराठीत शिवधनुष्य पेलणे म्हणतात त्यात बळ आणि योग्यता दोन्ही एकवटलेली असतात. म्योल्निरच्या बाबतीत त्यातले बळ वजा करून उरते तेवढ्यालाच अर्थ आहे.

मग उरते काय? हातोड्याने आजवर ज्यांना स्वीकारले, त्यांच्याकडे पाहूनच याचे उत्तर शोधावे लागते, कारण पात्रतेची यादी कोणीही, कोठेही स्पष्ट लिहून ठेवलेली नाही. 1983 मध्ये वॉल्टर सायमनसनने बीटा रे बिल हे पात्र आणले. घोड्यासारख्या चेहऱ्याचा हा परग्रहवासी आपल्या गाढ झोपलेल्या जनतेच्या ताफ्याचा रक्षक होता आणि त्या कामासाठी त्याने स्वतःचा देह एका अक्राळविक्राळ रूपात बदलू दिला होता. थॉरशी लढता लढता त्याच्या हाती ती काठी आली, त्याने ती आपटली आणि थॉरचे सामर्थ्य त्याला मिळाले. येथे लक्षात घेण्याजोगे असे की, त्या क्षणी बिल थॉरचा प्रतिस्पर्धी होता. म्हणजे पात्रता ही थॉरशी मैत्री असण्यावर किंवा योग्य बाजूने लढत असण्यावर अवलंबून नाही. 1988 मध्ये कॅप्टन अमेरिकेने ऐन लढाईत हातोडा उचलून थॉरला परत दिला, आणि 2019 च्या ‘एंडगेम’ या चित्रपटाने तोच प्रसंग लाखो प्रेक्षकांपर्यंत पोहोचवला. थॉरची एके काळची प्रेयसी जेन फॉस्टर हिचे उदाहरण मला या सगळ्यांत सर्वांत बोलके वाटते. 2014 पासूनच्या जेसन आरनच्या मालिकेत कर्करोगाने ग्रासलेली जेन हातोडा हाती घेते, त्यावरचा लेख तिच्यासाठी बदलून स्त्रीलिंगी होतो. परंतु प्रत्येक रूपांतरात तिच्या शरीरातली केमोथेरपीची औषधे धुऊन निघतात आणि आजार बळावत जातो. हे ठाऊक असूनही ती तो पुन्हा पुन्हा उचलते. सामर्थ्य आपल्यासाठी नाही हे जाणून, त्याची किंमत मात्र स्वतः मोजण्याची ही तयारी बिलमध्ये, कॅप्टन अमेरिकेत आणि जेनमध्ये सारखीच आढळते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ही परीक्षा एकदा उत्तीर्ण होऊन संपत नाही. 2014 च्या ‘ओरिजिनल सिन’ या कॉमिकमध्ये गुप्तहेर निक फ्यूरी थॉरच्या कानात काही शब्द कुजबुजतो आणि त्याच क्षणी हजारो वर्षे जवळ बाळगलेला हातोडा थॉरच्या हातून गळून पडतो. ते शब्द काय होते हे वाचकांना 2017 मध्ये कळले : देवांचा संहार करत सुटलेला गॉर बरोबर होता, म्हणजे देव हे श्रद्धेला पात्रच नाहीत. थॉरने त्या दिवशी कोणताही गुन्हा केला नव्हता. त्याला फक्त ते पटले. त्याच सुमारास चंद्रावर पडलेला हातोडा उचलण्याचा प्रयत्न खुद्द थॉरच्या पित्याने, ओडिनने केला, आणि ज्याने हातोड्यावर पात्रतेचा मंत्र घातला त्यालाही तो उचलता आला नाही. पात्रता म्हणजे ओडिनची मर्जी, असे मानणाऱ्यांना याहून चांगले उत्तर मिळणार नाही. थोडक्यात, हातोडा विचारतो की तू या घडीला कोण आहेस, आणि हा प्रश्न तो प्रत्येक वेळी नव्याने विचारतो.

ग्रीन लँटर्नच्या अंगठीचा प्रश्न वेगळा आहे. जॉन ब्रूम आणि गिल केन यांनी 1959 मध्ये ‘शोकेस’च्या 22 व्या अंकात हॅल जॉर्डनला आणले. मरणासन्न अवस्थेत पृथ्वीवर कोसळलेला अबिन सूर आपल्या अंगठीला वारस शोधायला सांगतो आणि ती प्रामाणिक व निर्भय अशा वैमानिकाला त्याच्यापुढे आणून उभे करते. पुढे, विशेषतः 2000 नंतरच्या कथांत, निर्भयतेची जागा भीतीवर मात करण्याच्या क्षमतेने घेतली, आणि हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण ज्याला भीती वाटतच नाही त्याच्या धैर्याची परीक्षा घेणार तरी कशी? काटेकोरपणे पाहिले तर ही अंगठी मंत्रसिद्ध शस्त्रही नव्हे. ओआ ग्रहावरच्या गार्डियन्सनी घडवलेले ते एक यंत्र आहे, आणि विश्वाचे 3600 विभाग पाडून तेथे पहारेकरी नेमण्याच्या व्यवस्थेचा तो भाग आहे. 1940 मधल्या पहिल्या ग्रीन लँटर्नची, अ‍ॅलन स्कॉटची अंगठी तेवढी खरोखर जादूची होती. एखाद्या कचेरीत रिक्त पद भरावे तसा हॅलच्या अंगठीचा कारभार चालतो. विभागात जागा रिकामी झाली की ती योग्य उमेदवार शोधते, आणि तो जवळ असेल तर उत्तम.

हे शेवटचे वाक्य थट्टेचे नाही. 1968 मधल्या एका कथेत असे उघड होते की, अबिन सूरच्या अंगठीला पृथ्वीवर हॅलच्या तोडीचा दुसरा उमेदवारही सापडला होता, गाय गार्डनर. हॅल अपघाताच्या जागेला अधिक जवळ होता म्हणून निवड त्याची झाली. अंतरावरून निकाल लागणे हातोड्याच्या बाबतीत कल्पनेतही बसत नाही. 1994 मध्ये तर गार्डियन्सपैकी एक असलेल्या गॅन्थेटने शेवटची अंगठी काइल रेनर या तरुण चित्रकाराला जवळजवळ नाइलाजाने दिली, आणि तो उत्तम ग्रीन लँटर्न झाला. त्याच वर्षी हॅल जॉर्डन स्वतः बिघडला : आपले शहर उद्ध्वस्त झाल्याच्या दुःखात तो आपल्याच सहकाऱ्यांवर तुटून पडला आणि त्यांच्या अंगठ्या हिसकावून बोटांत घालत गेला. त्या अंगठ्यांनी त्याला नकार दिला नाही. (त्यामागे भीतीच्या एका परजीवी शक्तीचा हात होता, हा खुलासा बऱ्याच वर्षांनी आला.) सिनेस्ट्रोचे तर काही विचारूच नये. तो एके काळचा नावाजलेला ग्रीन लँटर्न, आणि त्याने आपल्याच कोरुगार ग्रहावर हुकूमशाही लादली, तीही अंगठीच्या जोरावर. गार्डियन्सना त्याला हाकलून द्यावे लागले. अंगठी आपण होऊन त्याला सोडून गेली नव्हती. कानात पडलेल्या एका विचाराने थॉरचा हातोडा गळतो आणि उघड जुलूम करूनही सिनेस्ट्रोची अंगठी बोटात टिकते, यापलीकडे दोन कसोट्यांतला फरक आणखी काय समजावून सांगावा? अंगठी माणसाची क्षमता जोखते, तीही नेमणुकीच्या वेळी. नंतर त्याच्यावर लक्ष ठेवणे हे गार्डियन्सचे काम.

आता नावांकडे वळू. बॅटमॅन हा या गोंधळाचा सर्वांत मोठा बळी आहे. त्याची इच्छाशक्ती पाहून लोक त्याच्या हाती हातोडा देऊ पाहतात. पण इच्छाशक्ती ही अंगठीची भाषा आहे, आणि तेथेही प्रकरण सरळ नाही. 2006 मधल्या एका कथेत हॅल त्याला आपली अंगठी घालून पाहू देतो, तेव्हा आई-वडिलांच्या हत्येची आठवण उसळून येते आणि तो अंगठी परत करतो. 2007 मध्ये सिनेस्ट्रोच्या टोळीची पिवळी अंगठी, म्हणजे इतरांत भीती निर्माण करणाऱ्यांची अंगठी, त्याला शोधत आली, आणि खरे तर तिचा अंदाज चुकलेला नव्हता. हातोड्याबद्दल माझे मत असे की, जो माणूस सहकाऱ्यांवरही पाळत ठेवतो आणि त्यांच्या पाडावाच्या योजना आखून ठेवतो, त्याच्यासाठी म्योल्निर हलणार नाही. हा त्याच्या शौर्याला कमीपणा नव्हे.

आयर्न मॅन मला अंगठीचा माणूस वाटतो. अंगठी मनातली आकृती हिरव्या प्रकाशात घडवते. वास्तुविशारद जॉन स्ट्युअर्टच्या आकृती म्हणूनच आतून बाहेरून पक्क्या रचलेल्या असतात. मनात यंत्रे जुळवत बसलेल्या माणसाला याहून सोयीचे साधन कोणते? स्पायडरमॅन नेमका उलट्या बाजूला आहे. दुसऱ्यासाठी स्वतःचे नुकसान सोसण्यात त्याची बरोबरी जेन फॉस्टरच करील, परंतु थॉरचे उदाहरण पाहता स्वतःविषयीची शंका ही हातोड्यासाठी मोठी अडचण ठरते, आणि ती शंका पीटर पार्करच्या पाचवीलाच पुजलेली आहे. तरीही मी त्याच्याच बाजूने कौल देईन. वुल्व्हरिनला दोन्हीकडून नकार मिळेल आणि त्याला त्याचे काही वाटणार नाही.

कॉमिक्समध्ये हातोडा हातात आला म्हणजे माणूस पात्र ठरलाच, असेही नाही. 2008 मध्ये रेड हल्कने थॉरला अंतराळात नेऊन वजनाच्या अभावाचा फायदा घेतला, ती चलाखी होती. 2014 च्या ‘अ‍ॅक्सिस’मध्ये थॉरच्या कपटी भावाने, स्वभाव उलटापालटा झालेल्या लोकीने हातोडा उचलला, आणि येथे मात्र परीक्षा खरी होती, कारण त्या घडीला तो खरोखर तसा झाला होता. चित्रपटांतल्या स्टॉर्मब्रेकर या कुऱ्हाडीला तर अटच नाही. खलनायक थॅनोसही ती थॉरवर उगारतो. सुपरमॅनचा प्रसंग सर्वांत जास्त उद्धृत होतो आणि सर्वांत जास्त चुकीचा सांगितला जातो. कर्ट ब्यूसिक आणि जॉर्ज पेरेझ यांच्या ‘जेएलए/अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये तो एका हातात म्योल्निर आणि दुसऱ्या हातात कॅप्टन अमेरिकेची ढाल घेऊन लढतो, त्या पानाचे चित्र सगळीकडे फिरते, लढाई संपल्यावर तो पुन्हा हातोडा उचलू पाहतो, तो हलत नाही, आणि आणीबाणीपुरता ओडिनने मंत्र शिथिल केला होता असे थॉर सांगतो, ते पान मात्र कोणी दाखवत नाही.

वंडर वुमनबद्दल असा ‘पण’ जोडावा लागत नाही. 1996 मध्ये मार्व्हल आणि ग्रीन लँटर्नची प्रकाशक डीसी यांनी मिळून काढलेल्या मालिकेत म्योल्निर तिच्या हाती येतो, तो ती सहज उचलते आणि तिला थॉरचे सामर्थ्यही लाभते. समोर मार्व्हलची नायिका स्टॉर्म असते. एवढे सामर्थ्य घेऊन लढणे न्यायाचे होणार नाही असे वाटून ती हातोडा बाजूला ठेवते, स्वतःच्या बळावर लढते आणि हरते. त्या सामन्याचा निकाल वाचकांच्या मतदानाने लागला होता. हातोड्याचे मत कोणी विचारले नव्हते.