एमबीटीआयचा टाइप आणि मॅक्लेलंडची प्रेरणा: गल्लत कुठे होते?

समजा, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीन सुपरवायझर आहेत. तिघांचेही रजिस्टर चोख, तिघेही कमी बोलणारे, कामाला पक्के. कंपनीने एमबीटीआय, म्हणजे माणसाला चार अक्षरांचा व्यक्तिमत्त्वाचा प्रकार (टाइप) देणारी प्रश्नावली, करून घेतली आणि तिघांच्याही अहवालावर एकच टाइप आला: आयएसटीजे, म्हणजे अंतर्मुख, तपशील पाहणारा, तर्काने निर्णय घेणारा आणि ठरवून काम उरकणारा. एचआरने निष्कर्ष काढला की ही एकाच प्रकारची माणसे आहेत, त्यांना एकाच पद्धतीने हाताळावे.

आता जरा जवळ जाऊन बघा. पहिला रजिस्टर चोख ठेवतो, कारण मागच्या तिमाहीपेक्षा या तिमाहीत साठ्यातली तफावत कमी आणायची असे त्याने स्वतःशीच ठरवले आहे. दुसऱ्याचे रजिस्टर चोख, कारण कुठला माल कुठे आहे हे फक्त त्यालाच माहीत असले की प्रत्येकाला त्याच्याकडे यावे लागते. तिसरा रात्री घरी जाण्याआधी आकडे पुन्हा तपासतो, कारण चूक सापडली तर साहेब सगळ्यांसमोर बोलतील याची त्याला धास्ती आहे. वागणे एक, टाइप एक, पण आतून ढकलणारी गोष्ट तिघांची वेगळी.

संघटना विकासाच्या, म्हणजे ओडीच्या, कामात ही गल्लत इतकी रुळली आहे की ती गल्लत आहे हेच कुणाला जाणवत नाही. टाइपचा अहवाल हातात आला की ‘याला काय हवे ते कळले’ असे धरून चालतात. टाइपची प्रश्नावली तो प्रश्न विचारतच नाही.

टाइपचे मूळ स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या मांडणीत आहे. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी तिच्यावरून प्रश्नावली रचली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिची पहिली रूपे तयार झाली आणि चार जोड्यांतून सोळा टाइप बनले. माणसाचे लक्ष बाहेर वळते की आत, तो माहिती तपशिलातून घेतो की शक्यतांमधून, निर्णय तर्काच्या आधारे घेतो की मूल्यांचा आणि माणसांचा विचार करून, आणि बाहेरचे व्यवहार ठरवून उरकतो की मोकळे ठेवतो. शेवटची जोडी युंग यांची नाही, ती या मायलेकींची भर. चारही जोड्या रीत सांगतात. माणूस कशाच्या मागे धावतो, हे त्यांत कुठेच नाही.

प्रेरणेचा शोध दुसऱ्याच वाटेने झाला. हार्वर्डमध्ये हेन्री मरे आणि क्रिस्तियाना मॉर्गन यांनी १९३५ साली एक पद्धत मांडली: धूसर अर्थाचे चित्र दाखवायचे आणि त्यावर गोष्ट सांगायला लावायची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी त्याच धर्तीवर लिहून घेतलेल्या गोष्टींना गुण देण्याची काटेकोर रीत बसवली. गोष्टीतला माणूस काहीतरी अधिक चांगले करून दाखवू पाहतो का? कुणावर छाप पाडू पाहतो का? तुटलेले नाते जोडू पाहतो का? यांतून सिद्धिप्रेरणा, सत्ताप्रेरणा आणि आपुलकीची प्रेरणा अशा तीन प्रेरणा मोजल्या जातात.

मॅक्लेलंड यांचा रिंग फेकण्याचा खेळ मला या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग वाटतो. खुंटीवर रिंग टाकायची, कुठे उभे राहायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. सिद्धिप्रेरणा बळकट असलेली माणसे अगदी जवळ उभी राहत नाहीत, कारण त्यात काही कमावल्यासारखे वाटत नाही. फार लांबही जात नाहीत, कारण तिथे सगळा नशिबाचा खेळ. ती मधले अंतर निवडतात, जिथे जमेल की नाही हे आपल्या कौशल्यावर ठरते. उभा राहणारा बहिर्मुख आहे की अंतर्मुख, याचा यात प्रश्नच येत नाही.

आपल्या देशाचा या कहाणीत मोठा वाटा आहे, आणि तो आपल्याकडच्या प्रशिक्षणांत फारसा सांगितला जात नाही याचे मला वाईट वाटते. १९६४ साली मॅक्लेलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंध्रातल्या काकिनाड्याच्या पन्नासेक व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत, सिएटमध्ये, बोलावले. सुमारे दहा दिवसांच्या वर्गात त्यांनी स्वतःच्या गोष्टी लिहिल्या, त्यांना स्वतःच गुण द्यायला शिकले, पुढच्या दोन वर्षांची उद्दिष्टे कागदावर मांडली. तुलनेसाठी जवळचेच राजमहेंद्री शहर घेतले होते. नंतरच्या दोन वर्षांत प्रशिक्षण घेतलेल्यांनी तुलनेच्या गटापेक्षा नवे उद्योग जास्त काढले, भांडवल जास्त गुंतवले, जास्त माणसांना काम दिले. म्हणजे प्रेरणा प्रशिक्षणाने हलू शकते, निदान तिचे वागण्यात उतरणे तरी वाढवता येते. टाइपच्या सिद्धान्तात असे काही अपेक्षितच नाही, तिथे टाइप जन्मजात कल मानला जातो. ओडीच्या दृष्टीने मला हाच सर्वांत मोठा फरक वाटतो.

त्याच सिएटमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ उदय पारीक यांनी भारतीय संस्थांकडे पाहून सहा प्रेरणा मांडल्या: सिद्धी, प्रभाव, नियंत्रण, आपुलकी, अवलंबन आणि विस्तार. विस्तार म्हणजे दुसऱ्यांसाठी, समूहासाठी उपयोगी पडण्याची ओढ. प्रत्येक प्रेरणेची दोन रूपे त्यांनी धरली: आशेने पुढे जाणारे आणि भीतीने मागे हटणारे. आपला तिसरा सुपरवायझर इथे नेमका सापडतो. नीट काम करण्याची ओढ त्याच्यातही असेल, पण ती चुकण्याच्या भीतीखाली दबली आहे. पारीक आणि टी. व्ही. राव यांनीच १९७४-७५ मध्ये मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाची व्यवस्था आखली.

टाइपच्या अक्षरांचा अर्थ लावताना गल्लत ठरावीक जागी होते. बहिर्मुख माणसाला लोक हवेहवेसे वाटत असणार, असे समजून त्याची आपुलकीची प्रेरणा मोठी धरतात; पण चारचौघांत रमणाऱ्या कित्येकांना माणसे हवी असतात ती छाप पाडायला. भावनेला महत्त्व देणारा टाइप म्हणजे ज्याला नाते तोडवत नाही असा माणूस, असेही मानतात. प्रत्यक्षात ती जोडी निर्णयाचे निकष सांगते. ठरवून काम उरकणाऱ्याला महत्त्वाकांक्षी ठरवणे तर रोजचेच. यादी वेळेत पुरी करणे आणि कालच्यापेक्षा चांगले करणे यांत अंतर आहे.

मोजण्याची रीतही वेगळी आहे, आणि दोन्हीकडे खोट आहे. एमबीटीआयचे गुण बहुतांश लोकांसाठी मधल्या भागात गोळा होतात, तरी मधोमध रेघ ओढून एक अक्षर दिले जाते. त्यामुळे रेघेजवळच्या माणसाचे अक्षर काही आठवड्यांनी पुन्हा परीक्षा दिली तर सहज बदलते. गोष्टींवरून प्रेरणा काढायला प्रशिक्षित परीक्षक लागतो, वेळ लागतो, आणि त्या पद्धतीच्या विश्वासार्हतेवरही आक्षेप आहेत. म्हणून कंपन्या प्रेरणेचीही प्रश्नावलीच वापरतात. इथे सावध राहावे. मॅक्लेलंड आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवले की गोष्टींतून उमटणारी प्रेरणा आणि माणूस स्वतःबद्दल सांगतो ती प्रेरणा यांचा मेळ फार थोडा बसतो. ‘मला आव्हाने आवडतात’ या वाक्यासमोर खूण करणारा माणूस खुंटीपासून कुठे उभा राहील, ते त्या खुणेवरून कळत नाही.

मग वापरायचे काय? दोन विभागांत रोज खटके उडत असतील, एक म्हणतो ‘आधी आकडे दाखवा’ आणि दुसरा म्हणतो ‘आधी कल्पना ऐका’, तर टाइप कामाचा. एकमेकांची रीत कळते, राग थोडा उतरतो. त्याहून जास्त भार त्याच्यावर टाकू नये. भरतीसाठी तर अजिबात नाही, ते ही चाचणी जपणारी संस्थाच अनैतिक मानते. बढतीचा किंवा जबाबदारी बदलण्याचा प्रश्न असेल तर प्रेरणेकडे वळावे. उत्तम काम करणाऱ्याला मॅनेजर केले की तो सगळे स्वतःच करत बसतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मॅक्लेलंड आणि डेव्हिड बर्नहॅम यांनी १९७६ साली हेच मांडले: मोठ्या संस्थेतल्या चांगल्या मॅनेजरमध्ये आपुलकीच्या गरजेपेक्षा सत्ताप्रेरणा जास्त असते, मात्र ती संस्थेसाठी वापरण्याचा संयमही असतो.

आता स्टोअरकडे. पहिल्याला तफावतीचा आकडा दर आठवड्याला दिसू द्या आणि पुढचे लक्ष्य त्यालाच ठरवू द्या. दुसऱ्याकडे नव्या मुलांना शिकवण्याचे काम द्या. लोकांनी त्याच्याकडे यावे ही त्याची ओढ तिथे भागेल आणि माहितीही एका माणसापुरती राहणार नाही. तिसऱ्याला कुठल्याच वर्गाला पाठवण्याची घाई करू नका. आधी त्याच्या साहेबांशी बसून बोला, आणि चूक सापडली की ती दार लावून, दोघांतच सांगायची एवढे त्यांच्याकडून ठरवून घ्या.