अडीच लाखपटीच्या कॉइलची पार्श्वभूमी

घरच्या टेबलावर ‘प्रायोगिक ऊर्जे’चं, म्हणजे आत घालू त्याहून जास्त वीज बाहेर काढू पाहणारं सर्किट जुळवणाऱ्यांकडे एक कॉइल हमखास सापडते. दोन इनॅमल तारा जोडीने धरून चकली पाडावी तशा सपाट गुंडाळलेल्या, आणि पहिल्या तारेचं शेवटचं टोक दुसरीच्या सुरुवातीला जोडलेलं. या कॉइलसोबत एक आकडाही फिरतो: साध्या कॉइलच्या अडीच लाखपट ऊर्जा. हा आकडा कुणी मनाने रचलेला नाही. ९ जानेवारी १८९४ रोजी मंजूर झालेल्या एका अमेरिकी पेटंटात (क्रमांक ५१२३४०) तो छापलेला आहे. तिथे तो कशासाठी आला होता, हे मात्र आकडा सांगणारे क्वचितच सांगतात.

कॉइल आणि कपॅसिटर (वीज तात्पुरती साठवणारा भाग) जोडला की वीज दोघांत हेलकावे खाते, ही समज त्या पेटंटाच्या बरीच आधीची. १८२०च्या दशकात पॅरिसमध्ये लेडन जारची (त्या काळच्या बरणीतल्या कपॅसिटरची) ठिणगी तारेच्या वेढ्यांतून सोडली, तेव्हा आतल्या सुया कधी एका दिशेने तर कधी उलट्या चुंबकित होत. १८४२ मध्ये प्रिन्स्टनच्या एका प्राध्यापकाने त्यावरून वीज पुढेमागे झुलते असा निष्कर्ष काढला. १८५३ मध्ये ग्लासगोहून त्याचं गणित आलं, आणि काही वर्षांत लाइपझिगमध्ये फिरत्या आरशाने ठिणगीचे फोटो घेऊन ते हेलकावे डोळ्यांना दाखवले गेले. हे सगळं पाठ्यपुस्तकांत आहे. ठरावीक लयीला हे हेलकावे सर्वांत मोठे होतात, त्याला अनुनाद म्हणा, अनुस्पंदन म्हणा, टेबलावर सगळे ‘रेझोनन्स’च म्हणतात.

आपल्या विषयाला खरा रंग चढतो तो १८९१ नंतर. १८९४ चं ते पेटंट ज्याचं, आणि ज्याच्या नावाची कॉइल आज शाळकरी पोरंही बनवतात, त्या निकोला टेस्ला या संशोधकाने त्या वर्षी न्यूयॉर्कमधल्या व्याख्यानात तार न जोडता दिव्याच्या नळ्या पेटवून दाखवल्या. १८९९ मध्ये तो कोलोराडो स्प्रिंग्जला गेला आणि १९०१ मध्ये लाँग आयलंडवर ५७ मीटरचा मनोरा उभा राहू लागला. मनोऱ्याचे पैसे आटले, आणि १९१७ मध्ये तो पाडला गेला. इथूनच ‘फुकट वीज दडपली’ ही कहाणी सुरू होते. पण कोलोराडोच्या त्या प्रयोगशाळेला वीज येत होती गावच्या वीजकंपनीकडून. बेत बिनतारी वहनाचा होता. निर्मितीसाठी जनित्रं लागणारच होती. ‘तारेविना’चं ‘मोलाविना’ पुढच्यांनी केलं. त्यात भर पडली १९०१ च्याच आणखी एका पेटंटाची. उंचावर ठेवलेल्या धातूच्या पत्र्यावर किरण पडून कपॅसिटर भारला जातो, अशी त्यातली रचना. त्यातला ‘रेडियंट एनर्जी’ हा शब्द आज कॉइलमधून निघणाऱ्या कुठल्याही टोकदार पल्सला (विजेच्या क्षणिक उसळीला) चिकटवला जातो.

आता तो आकडा. १८९४ च्या पेटंटाचं शीर्षक साधं आहे, विद्युतचुंबकांसाठी कॉइल. अडचणही साधीच. एसी प्रवाहाला कॉइल स्वतःच विरोध करते. तो विरोध मारायला कपॅसिटर जोडावा लागतो आणि त्या काळी कपॅसिटर महाग होते. मग वेढे असे गुंडाळले की शेजारच्या वेढ्यांतच कपॅसिटर तयार होईल तर? उदाहरण १००० वेढ्यांचं आणि १०० व्होल्टचं आहे. साध्या कॉइलमध्ये दोन शेजारी वेढ्यांत फरक राहतो ०.१ व्होल्ट. दोन तारा जोडीने गुंडाळून एकामागे एक जोडल्या, तर शेजारच्या वेढ्यांत फरक होतो ५० व्होल्ट. म्हणजे ५०० पट. साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून ५०० चा वर्ग, अडीच लाख.

तुलना वेढ्यांमधल्या जागेत साठणाऱ्या ऊर्जेची आहे. ती ऊर्जा किती? वेढ्यांमधली धारकता (वीज साठवायची क्षमता) मिळून १ नॅनोफॅरड धरली, तर ५० व्होल्टला सव्वा मायक्रोज्यूल. एक वॅटचा एलईडी एवढी ऊर्जा सव्वा मायक्रोसेकंदात संपवतो. साध्या कॉइलमध्ये ती जवळपास नसल्यातच जमा होती, म्हणून पट एवढी मोठी दिसते. शिवाय ही ऊर्जा साठते ती स्रोताकडूनच येऊन, आणि दर आवर्तनात परत जाते. मला यात त्या संशोधकाचा दोष दिसत नाही. त्याने पेटंटात जे लिहिलं ते बरोबर आहे आणि युक्ती सुंदर आहे. वाचणाऱ्यांनी ‘साठलेली’ हा शब्द गाळला.

हाच घोळ पुढे मोजमापात शिरला. विसाव्या शतकातला सर्वांत गाजलेला वाद मिसिसिपीच्या एका शोधकाचा. आत जाते त्याहून जास्त ऊर्जा बाहेर येते असा दावा असलेल्या त्याच्या यंत्रात तांब्याची भलीमोठी कॉइल आणि फिरतं चुंबक होतं. ते सर्किट अनुनादी नव्हतं, पण भांडण तेच: आत किती जाते आणि बाहेर किती येते. त्याने १९७९ मध्ये अर्ज केला. पेटंट कार्यालयाने नाकारला, तो कोर्टात गेला. कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञाने १९८४ मध्ये चक्क त्याच्या बाजूने अहवाल दिला. तरीही न्यायाधीशाने स्वतंत्र चाचणी मागितली. ती १९८६ मध्ये सरकारी मापन संस्थेत झाली, आणि कार्यक्षमता निघाली २६ ते ६७ टक्के. शोधकाचा आक्षेप होता की यंत्राला अर्थिंग दिल्यामुळे ऊर्जा जमिनीत गेली. १९८९ मध्ये अपिलातही तो हरला. अर्थिंगची ही सबब तेव्हापासून टेबलाटेबलावर ऐकू येते.

अशा दाव्यांबाबत पॅरिसच्या विज्ञान संस्थेने १७७५ मध्येच दार लावून घेतलं होतं: ऊर्जा न घेता अखंड चालणारी यंत्रं यापुढे तपासणार नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातही, कलम ३ च्या पहिल्याच खंडात, निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा पेटंटायोग्य नाही असं लिहिलेलं आहे.

तरी मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास वजनावर तार घेणारा माणूस कायदा वाचून थांबत नाही, आणि थांबूही नये. त्याच्या टेबलावर काय घडतं ते पाहू. १ मिलिहेन्रीची कॉइल आणि १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर एकामागे एक जोडले. अनुनाद येतो साधारण ५० किलोहर्ट्झला. तारेचा नि बाकीचा सगळा रोध ६.३ ओहम धरू. १२ व्होल्टने चालवलं की १.९ अँपिअर वाहतात, म्हणजे आत जातात जेमतेम २३ वॅट. कपॅसिटरवर मात्र ६०० व्होल्ट उभे राहतात. टेबलावरचा माणूस लगेच गुणतो: ६०० गुणिले १.९, म्हणजे ११४० वॅट! पन्नासपट!

ही पन्नासपट म्हणजेच त्या सर्किटचा क्यू, अनुनादाने व्होल्टेज किती पट चढतं तो आकडा. चांगली तार, चांगला कपॅसिटर वापरला की क्यू वाढतो आणि ‘नफा’ही वाढतो. म्हणून कष्टाळू माणूसच जास्त फसतो. कपॅसिटरवर व्होल्टेज शिखरावर असतं तेव्हा करंट शून्यावर असतो, त्यामुळे तो गुणाकार वॅट नसतोच. शेजारणी-शेजारणींनी एकच वाटी साखर उसनी घ्यावी, परत करावी, आणि हिशेब लिहिणाऱ्याने दर वेळी नवी वाटी मांडावी, तसं ते आहे. त्यात स्वस्त मल्टिमीटरचं एसी वाचन काहीशे हर्ट्झपुढे भरवशाचं नसतं, मग ५० किलोहर्ट्झला तो दाखवेल तो आकडा खरा. ६०० व्होल्टचा झटका मात्र मीटर चुकला तरी खराच बसतो.

मग कुणी त्या कॉइलला बल्ब जोडतो आणि तक्रार करतो की ‘लोड लावला की रेझोनन्स मरतो’. तो मरतो कारण ऊर्जा आता खरंच बाहेर जाऊ लागलेली असते. घरची इंडक्शन शेगडी याच तत्त्वावर चालते. तिच्या काचेखालीही एक सपाट चकलीच असते, आणि भांडं ठेवलं की क्यू कोसळतो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात दोन अनुनादी कॉइल्सनी दोनेक मीटरवरून ६० वॅटचा बल्ब पेटवला तेव्हा कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या घरात होती, आणि ते यश मानलं गेलं.

एक पुरावा अजून वारंवार पुढे केला जातो, तो बॅटरीचा. सर्किट तासभर चाललं, बंद केलं आणि लेड-ॲसिड बॅटरीचं व्होल्टेज वर चढलं, म्हणजे ती चार्ज झाली! लोड काढला की कुठलीही बॅटरी थोडी वर येतेच, इन्व्हर्टर वापरणाऱ्या घरांत हे रोज दिसतं. म्हणून हल्ली या छंदातलेच काही जाणते बॅटरी काढून तिच्या जागी मोठा सुपरकपॅसिटर लावतात. त्यातली ऊर्जा व्होल्टेज वाचून थेट काढता येते, आणि सर्किट किती मिनिटं चाललं हे भिंतीवरच्या घड्याळात बघता येतं.