लादी पुसण्याआधी लादी ओळखा
घरच्या घरी बनवलेल्या क्लीनरविषयी आमच्या ठाणे व नवी मुंबईतील ग्राहकांसाठी

व्हिनेगर, लिंबू, खायचा सोडा हे सगळे स्वयंपाकघरातले, मग लादीला काय होणार, असे वाटते. व्हिट्रिफाइड टाइल्सना खरोखरच फारसे काही होत नाही. मार्बल, कोटा आणि शहाबादीचे मात्र तसे नाही. हे तिन्ही मुळात चुनखडीचे दगड. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत किंवा वाशी-नेरूळच्या जुन्या घरांत मोझॅक लादी सापडते, तिच्यातही सिमेंटात बसवलेली मार्बलचीच चिप असते. आंबट काहीही लागले की या दगडाचा वरचा थर विरघळतो आणि तिथे निस्तेज, पांढुरका चट्टा राहतो. तो डाग नाही, दगडाची झीज आहे. घासून तो जात नाही. पॉलिशचे मशीनच लावावे लागते.

लादी कसली आहे याची खात्री नसेल, तर कपाटाखालच्या कोपऱ्यात व्हिनेगरचा एकच थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर चुनखडीचा दगड समजा आणि जागा लगेच पाण्याने पुसून घ्या. लादीवर मेण किंवा सीलर असेल तर ही परीक्षा फसते.

मार्बल, कोटा, शहाबादी, मोझॅक
५ लिटर कोमट पाण्यात भांडी घासायचे लिक्विड १ छोटा चमचा, म्हणजे ५ मिली. बस्स. आधी केर नीट काढा. वाळूची कचकच फडक्याखाली राहिली तर ती पॉलिश पेपरसारखी लादी ओरखडते. फडके घट्ट पिळून पुसा, मग एक हात साध्या पाण्याचा, आणि शेवटी कोरडे फडके. टँकरचे किंवा बोअरचे पाणी असेल तर हे कोरडे पुसणे टाळू नका, नाहीतर पाण्यातल्या क्षारांचे ठिपके उमटतात.

बायो-एन्झाइम घरी करणारे आता बरेच आहेत (१०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम लिंबू-मोसंबीच्या साली, १ लिटर पाणी, ३ महिने). द्रावण चांगले, पण ते आंबट असते. मार्बल-कोट्यावर नको. मिठाच्या पाण्याने पुसायची पद्धतही या लाद्यांना मानवत नाही. मीठ दगडाच्या छिद्रांत शिरते, पावसाळ्यात हवेतली ओल ओढते आणि लादी चिकचिकीत राहते.

समईचे तेल सांडले तर आधी टिपून घ्या, पुसत पसरवू नका. खायचा सोडा आणि पाणी यांची श्रीखंडाइतकी घट्ट पेस्ट डागावर अर्धा सेंटिमीटर जाड थापा. वरून प्लास्टिक, कडेने चिकटपट्टी. २४ तासांनी प्लास्टिक काढा, पेस्ट पूर्ण वाळू द्या, मग खरवडा, तीही लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने. वाळताना सोडा तेल वर ओढतो. जुन्या डागाला दोन-तीन वेळा करावे लागते.

हळदीवर मात्र सोडा किंवा साबण लावू नका. डाग क्षणात लालभडक होतो आणि माणूस घाबरून आणखी घासत बसतो. मेडिकलमध्ये ६ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. त्यात तेवढेच पाणी मिसळून कापूस भिजवा, १५ मिनिटे डागावर ठेवा, धुऊन टाका. हातमोजे घाला. गडद कोट्यावर आधी कोपऱ्यात करून पाहा, रंग फिका पडू शकतो. बाल्कनीतला डाग असेल तर थोडी वाट पाहा. हळद उन्हाने आपोआप उडते.

व्हिट्रिफाइड टाइल्स
घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांत बहुतेक हीच लादी असते. ५ लिटर पाण्याला ३० मिली पांढरे व्हिनेगर पुरे. पुसल्यावर पावलांचे ठसे दिसत असतील तर लादी मळकी नाही, तिच्यावर साबणाचा थर बसला आहे. आठवडाभर लिक्विड बंद ठेवून नुसत्या व्हिनेगरच्या पाण्याने पुसा. दोन खोल्यांनंतर बादली बदला, नाहीतर आधीचाच मळ पुढे सारवला जातो.

बाथरूम
टाइल्सवरचा पांढरा थर क्षारांचा. तिथे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे. आधी जॉइंट साध्या पाण्याने भिजवा, म्हणजे सिमेंट आम्ल कमी शोषते. १० मिनिटांनी ब्रश मारून भरपूर पाण्याने धुवा. दाराची चौकट किंवा उंबरठा मार्बलचा असेल तर थेंब उडू देऊ नका. खालच्या वीतभर भागात चकाकी गेलेली चौकट बहुधा याच सफाईची असते.

लॅमिनेट
ओलसर फडके, पाणी निथळेल इतके ओले नाही. सांध्यात पाणी मुरले की पट्टीची कड फुगते आणि पुन्हा बसत नाही.

काय मिसळू नये
सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की फेस छान येतो, पण दोघेही एकमेकांना मारतात आणि हाती बिनकामाचे पाणी उरते. हे नुसते वाया जाणे झाले. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर पडले तर क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. चुकून मिसळलेच तर बाटल्या आवरत बसू नका: बाहेर या, दार-खिडक्या उघड्या ठेवा, आणि खोकला किंवा धाप लागली तर सरळ डॉक्टर गाठा.