स्लॉट जुळतो, पण कार्ड बसेल का?

तिसऱ्या पिढीचा कोअर आय५, आठ जीबी रॅम आणि नव्याने घातलेली एसएसडी. अशी रिफर्बिश्ड, म्हणजे वापरून झाल्यावर दुरुस्त करून विकलेली, ऑफिस मशीन बाजारात स्वस्तात मिळतात आणि रोजचं काम बिनतक्रार करतात. घरातलं कुणी त्यावर गेम खेळू पाहतं किंवा ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकायला घेतं, तेव्हा मात्र ग्राफिक्स कार्डाची चौकशी सुरू होते. दुकानात उत्तर मिळतं, ‘पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट आहे ना, मग बसेल.’

ते खोटं नाही. पीसीआय एक्सप्रेसच्या लांब स्लॉटचा, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड बसवायच्या खाचेचा, आकार पहिल्या आवृत्तीपासून तोच आहे. नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये बसतं आणि दोघांना जमेल त्या वेगाने बोलतं. घोडं अडतं ते दुसरीकडे: पेटीतली जागा, पॉवर सप्लाय, बायॉस (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) आणि मॉनिटरची केबल. म्हणून कार्ड निवडण्याआधी मशीन उघडून बघायला हवं, आणि तेही हातात मोजपट्टी घेऊन.

उदाहरणासाठी २०१२ चं डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० घेऊ. जुन्या मशीनच्या बाजारात ते भरपूर दिसतं. (डेलने २०२३ मध्ये हेच नाव एका नव्या मॉडेलला दिलं, त्यामुळे नेटवर माहिती शोधताना प्रोसेसरची पिढी ताडून पाहा.) एकाच नावाखाली हे मशीन चार आकारांत आलं: मिनी टॉवर, आडवं डेस्कटॉप, स्मॉल फॉर्म फॅक्टर आणि अगदी चिमुकलं अल्ट्रा स्मॉल. त्यांचे पॉवर सप्लाय अनुक्रमे २७५, २५०, २४० आणि २०० वॉटचे. अल्ट्रा स्मॉलमध्ये ग्राफिक्स कार्डाचा स्लॉटच नाही, तेव्हा तिथे विषय संपला. म्हणजे ‘७०१० मध्ये हे कार्ड चालतं का’ या प्रश्नाला एक उत्तर नाही; पेटी कोणती, हे आधी सांगावं लागतं.

जागा

मिनी टॉवरमध्ये पूर्ण उंचीचं कार्ड बसतं. त्याची मागची पत्र्याची पट्टी साधारण १२० मिलिमीटर उंच असते. स्मॉल फॉर्म फॅक्टरमध्ये फक्त लो प्रोफाइल कार्ड चालतं. त्याची पट्टी सुमारे ८० मिलिमीटरची आणि कार्डाची उंची जास्तीत जास्त ६९ मिलिमीटर. बऱ्याच लो प्रोफाइल कार्डांवर कारखान्यातून लांब पट्टी लावलेली येते आणि छोटी पट्टी खोक्यात सुटी असते. जुनं कार्ड घेताना ती छोटी पट्टी मागून घ्या. ती हरवलेली असेल तर कार्ड नुसतं स्लॉटच्या आधाराने उभं राहतं, आणि केबल लावता-काढताना हलून संपर्क सुटतो.

लांबी मोजताना मागच्या पट्टीपासून पुढे जो पहिला अडथळा येतो तिथपर्यंत मोजा. तो बहुतेक वेळा हार्ड डिस्कचा पिंजरा असतो, कधी मदरबोर्डवर उभी राहणारी साटाची (डिस्क जोडणारी) केबल. मोजलेल्यातून दहा मिलिमीटर वजा करा, कारण कार्ड तिरकं करून आत घ्यावं लागतं.

जाडीकडे मात्र फार कमी लोक पाहतात. दोन स्लॉटमधलं अंतर २०.३२ मिलिमीटर असतं आणि आजच्या बहुतेक कार्डांचा पंखा शेजारच्या स्लॉटची जागा खातो. काही छोट्या पेट्यांमध्ये मुख्य स्लॉट पॉवर सप्लायला अगदी खेटून असतो. तिथे दोन स्लॉट जाडीचं कार्ड लो प्रोफाइल असूनही बसत नाही. मुख्य स्लॉटच्या ज्या बाजूला पंखा येणार, त्या बाजूला निदान ४० मिलिमीटर मोकळे आहेत का ते पाहा. पंख्याला हवा ओढायलाही जागा लागते.

वीज

कार्ड बसलं तरी मशीन बंद पडतं ते इथे. ग्राफिक्स कार्डाला एक्स१६ स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळू शकतात. त्यातले ६६ वॉट १२ व्होल्टवर (५.५ अँपिअर) आणि उरलेले साधारण १० वॉट ३.३ व्होल्टवर. त्याहून जास्त लागले तर पॉवर सप्लायमधून वेगळी वायर येते: सहा पिनांची ७५ वॉटची, आठ पिनांची १५० वॉटची. ऑफिस मशीनच्या मूळ पॉवर सप्लायला ही वायर सहसा नसतेच. काही उत्पादक तर छोट्या पेट्यांच्या माहितीपत्रकात कार्डाची मर्यादा ७५ पेक्षा बरीच कमी लिहितात. ती ओळ शोधून वाचा.

आता हिशेब. पॉवर सप्लायच्या लेबलवर मोठ्या अक्षरात लिहिलेले वॉट बाजूला ठेवा आणि १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर पाहा. समजा तिथे १८ आहेत. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॉट. कोअर आय५ ३४७० ची उष्णता-मर्यादा (वीजही साधारण तेवढीच धरायची) ७७ वॉट. डिस्क, पंखे, रॅम आणि मदरबोर्डसाठी ४० धरा. कार्डासाठी ७५. बेरीज १९२. म्हणजे ७५ वॉटचं कार्ड चालेल, पण त्यापुढे हात आखडायला हवा. दहा-बारा वर्षं वापरलेल्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर थकलेले असतात, त्यामुळे लेबलवरचा आकडा तो कोरा असतानाचा समजा.

वायर नाही म्हणून साटाच्या कनेक्टरवरून सहा पिनांचा अडॅप्टर लावू नका. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. साडेचार अँपिअर गुणिले १२, म्हणजे ५४ वॉट. सहा पिनांचं कार्ड तिथून ७५ वॉटपर्यंत ओढू शकतं. जास्तीचा प्रवाह त्या चिमुकल्या पिनांमध्ये उष्णता होऊन बसतो, आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं आणि शेवटी पिना एकमेकींना चिकटतात. हा अडॅप्टर अगदी स्वस्तात मिळतो आणि अख्खं मशीन जाळू शकतो.

पॉवर सप्लाय बदलायचा असेल तर ७०१० मिनी टॉवर सोयीचा आहे, कारण त्याच्या मदरबोर्डला नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर आहे. त्यानंतरच्या ऑप्टिप्लेक्स ७०२० आणि ९०२० मध्ये डेलने मदरबोर्डवर स्वतःचा ८ पिनांचा कनेक्टर दिला. तिथे बाजारातला पॉवर सप्लाय लावायला २४ ते ८ पिनांची खास वायर लागते. स्मॉल फॉर्म फॅक्टरचा पॉवर सप्लाय आकारानेच वेगळा असल्यामुळे तिथे बदलण्याचा विचार सोडलेला बरा.

कोणती कार्डं या चौकटीत येतात

वेगळी वायर न लागणारी, म्हणजे ७५ वॉटच्या आतली कार्डं मोजकीच आहेत. जीटी १०३० (३० वॉट), जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५० (दोन्ही ७५), आरएक्स ६४०० (५३) आणि आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल (७०). तरी डोळे मिटून घेऊ नका: १०५० टीआय आणि १६५० च्या काही कंपन्यांच्या कार्डांवर सहा पिनांचं सॉकेट असतं. फोटोत कार्डाची वरची कड नीट पाहा.

जीटी १०३० घेताना मेमरी विचारा. जीडीडीआर५ च्या कार्डाचा मेमरी वेग सेकंदाला ४८ जीबी, तर त्याच नावाने विकल्या गेलेल्या डीडीआर४ च्या कार्डाचा जेमतेम १७. गेममध्ये हा फरक लगेच जाणवतो.

आरएक्स ६४०० चा मुद्दा वेगळा आहे. त्याचा पाय, म्हणजे स्लॉटमध्ये जाणारी कड, एक्स१६ चा दिसतो, पण आत फक्त चार लेन (डेटाच्या वाटा) जोडलेल्या आहेत. पीसीआय एक्सप्रेस ४.० वर चार लेन म्हणजे सेकंदाला सुमारे ८ जीबी, पण ७०१० मध्ये ३.० असल्यामुळे ४ जीबीच. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की डेटा याच अरुंद वाटेने ये-जा करतो आणि गेम अडखळतो. १०५० टीआय आणि १६५० मध्ये सोळाही लेन आहेत, त्यामुळे कागदावर जुनी असूनही ती इथे जास्त सुखाने चालतात. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की आरएक्स ६४०० मध्ये व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही.

इथे प्रोसेसरही पाहावा लागतो, कारण मुख्य स्लॉटच्या लेन थेट प्रोसेसरमधून येतात. तिसऱ्या पिढीच्या आय५ आणि आय७ मध्ये पीसीआय एक्सप्रेस ३.० आहे, पण त्याच पिढीच्या आय३ ३२२० मध्ये २.०. मशीन तेच, मदरबोर्ड तोच, वेग निम्मा. ७०१० च्या टॉवरमध्ये दुसराही एक लांब स्लॉट आहे. तो दिसायला तसाच, पण आत चार लेनचा आणि २.० चा. चूक टाळायची असेल तर टॉर्च मारून स्लॉटच्या आत पाहा. ज्याच्या सोनेरी पट्ट्या शेवटपर्यंत गेल्या आहेत तो मुख्य.

इंटेलची आर्क कार्डं या वयाच्या मशीनसाठी नकोत. त्यांना बायॉसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि तो इथे नाही. त्याविना वेग फार घसरतो.

बायॉस, ड्रायव्हर, केबल

कार्ड लावण्याआधी, जुन्याच डिस्प्लेवर, बायॉस डेलच्या शेवटच्या आवृत्तीपर्यंत न्या. जुन्या बायॉसवर नवं कार्ड पंखा फिरवतं पण पडदा काळाच राहतो, आणि मग दिसत नसताना बायॉस बदलणं कठीण होतं. उलट, फार जुन्या कार्डात यूईएफआयसाठीचा (बायॉसच्या नव्या पद्धतीसाठीचा) भाग नसतो. सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर ते पडद्यावर काहीच आणत नाही.

एनव्हिडियाने १०५० टीआय आणि १०३० च्या पिढीचे गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. पुढची काही वर्षं नवे गेम खेळायचे असतील तर १६५० बरं. मात्र तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ या (एकदम अनेक आकडेमोडी करणाऱ्या) सूचना नाहीत, आणि काही नवे गेम त्याविना सुरूच होत नाहीत. तिथे कोणतंही कार्ड उपयोगाचं नाही.

मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर खर्चात कन्व्हर्टर धरा. १०५० टीआयपासून पुढच्या कार्डांतून अ‍ॅनालॉग सिग्नल येतच नाही, त्यामुळे डीव्हीआयवर लावायचा साधा जोड चालत नाही. आत चिप असलेला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. यातच नकली कार्ड ओळखण्याची खूणही आहे. ‘१०५० टीआय’ म्हणून समोर ठेवलेल्या कार्डाला निळं व्हीजीए सॉकेट असेल, तर ते बहुधा २०१० च्या आसपासचं कार्ड असतं, बायॉसमध्ये नाव बदललेलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीतून जुनं कार्ड घेत असाल तर पैसे देण्याआधी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा. नावाच्या सुरुवातीला ‘फेक’ असा शिक्का दिसला तर कार्ड परत करा.

लावताना

मशीन बंद करून वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला भार निघून जातो. पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा. मागची झाकणपट्टी काढा, कार्डाच्या दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. स्लॉटच्या टोकाची कडी टक् करून बसली पाहिजे. पट्टीचा स्क्रू किंवा खटका लावा आणि मॉनिटरची केबल कार्डात घाला. मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये राहिलेली केबल हे ‘कार्ड चालत नाही’चं फार नेहमीचं कारण आहे.

सुरू झाल्यावर जीपीयू-झेडमध्ये ‘बस इंटरफेस’चा रकाना पाहा. तिथे ‘एक्स१६ ३.०’ आणि पुढे ‘एक्स१६ १.१’ दिसलं तर घाबरू नका. काम नसताना कार्ड वीज वाचवायला वेग उतरवतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून चाचणी सुरू करा, आकडा ३.० वर चढेल. सोळा लेनचं कार्ड असूनही तो एक्स८ किंवा एक्स४ वर अडकला तर कार्ड काढा, सोनेरी पट्टी मऊ खोडरबराने पुसा आणि पुन्हा बसवा. मग अर्धा तास एखादा जड गेम चालवून पाहा. कार्ड तापून बिघडलं तर पडद्यावर ठिपके येतात किंवा ड्रायव्हर कोसळतो. पण काहीही न दाखवता मशीन एकदम बंद पडलं, दिवा विझल्यासारखं, तर कार्डाला दोष देण्याआधी पॉवर सप्लाय तपासा.